दारापुरती लिथुआनियन

लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, जेवणाचं पार्सल पोचवणाऱ्या माणसाला लिथुआनियन भाषा पहिल्यांदा भेटते ती ऑर्डरच्या पत्त्याखाली. ग्राहकाने घाईत टाइप केलेली एखादी ओळ असते. दुसऱ्या जिन्याने या. कोड चालत नाही, फोन करा. बेल वाजवू नका, बाळ झोपलंय. फोनला भाषांतर करता येतं, पण उणे आठ तापमानात हातमोजा काढायचा, ओळ कॉपी करायची, दुसरं ॲप उघडायचं, तोवर बोटं बधिर होतात आणि सूप गार होतं. त्यामुळे काही शब्द नजरेनेच ओळखायची सवय लागते. 'नेस्काम्बिंती' दिसलं की बेलला हात लावायचा नाही. 'प्रिए दुरू' म्हणजे दाराशी ठेवा. हे शब्द मी पाठ केले नाहीत, ते कामानेच डोक्यात बसवले.

मी इथे शिकायला आलो आणि संध्याकाळी सायकलवर पाठपेटी लावून डिलिव्हरी करतो. आमच्यासारखे पुष्कळ आहेत. भारतातले, युक्रेनचे, उझबेकिस्तानचे, बेलारूसचे. रेस्टॉरंटच्या दाराशी ऑर्डरची वाट बघत उभे असतो तेव्हा आमच्यात लिथुआनियन कुणीच बोलत नाही. कुणी रशियन, कुणी इंग्रजी, कुणी हिंदी. इंग्रजीवर या शहरात काम निभतं हे खरंच आहे. जुन्या शहरात, गेदिमिनास रस्त्यावर, काचेच्या ऑफिसांच्या भागात तर सहज निभतं. पण नदीपलीकडे झिर्मुनाईत, किंवा लाझ्दिनाईत, फाबियोनिश्केसमध्ये, जिथे सोव्हिएत काळातल्या लांबच लांब इमारती सारख्या चेहऱ्याने उभ्या आहेत, तिथे दाराच्या कळफलकासमोर उभं राहिलं की माणसाला कळतं, आपल्याला या शहराची भाषा हवी आहे.

या इमारतींचं गणित सांगायला हवं. एका इमारतीला चार-सहा जिने, प्रत्येक जिन्याला स्वतंत्र दार, प्रत्येक दाराला स्वतंत्र कोड. जिन्याला आणि त्याच्या त्या दाराला मिळून 'लाइप्तिने' म्हणतात. पत्त्यात इमारतीचा आकडा आणि पुढे आडवी रेघ देऊन घराचा आकडा. घरांचे आकडे एका टोकाच्या जिन्यापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. त्यामुळे अठ्ठेचाळीस नंबरचं घर कितव्या लाइप्तिनेत येईल, हा हिशेब सायकल लावतानाच करायचा. आणि मजला म्हणजे 'आउक्श्तस'. आपला तळमजला इथला पहिला. म्हणजे 'पेंक्तस आउक्श्तस', पाचवा, हा आपल्या हिशेबाने चौथा. जुन्या पाच मजली इमारतींना लिफ्ट नसते, तेव्हा ही एका मजल्याची सूट पायांना फार प्रिय वाटते.

इंटरकॉमवर बोलायची वाक्यं ठरलेली आहेत. "लाबा दिएना, कुर्येरिस." नमस्कार, कुरिअर आहे. पलीकडून दार उघडल्याचा आवाज येतो, किंवा प्रश्न येतो. प्रश्न आला की खरी परीक्षा. कुणी विचारतं, कोणत्या रेस्टॉरंटमधून. कुणी म्हणतं, मी खाली येतो, थांबा. कुणी म्हणतं, शेजारच्या दाराने या, हे बंद आहे. हे सगळं मधमाशीसारख्या गुणगुणणाऱ्या यंत्रातून, चेहरा न दिसता ऐकू येतं. भाषेच्या वर्गात शिक्षिका हळू बोलतात, ओठ दिसतात, फळ्यावर शब्द असतो. इंटरकॉमला यातलं काही नसतं. माझं ठाम मत आहे की डिलिव्हरी करणाऱ्यांना भाषा शिकवायची असेल तर पहिले चार धडे पाठमोरं बसवून, फक्त कानाने शिकवायला हवेत.

मी इथे येणार हे कळल्यावर घरच्या व्हॉट्सॲप गटात लगेच एक संदेश फिरला होता. लिथुआनियन ही संस्कृतची बहीण आहे, तुला अवघड जाणार नाही. त्यात शब्दांची यादी होती. अग्नीला 'उग्निस', धुराला 'दूमाइ', मधाला 'मेदुस', दाताला 'दांतिस', देवाला 'दिएवस'. यातलं काही खोटं नाही. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायशर नावाचा जर्मन पंडित 1852 मध्ये खास ही भाषा ऐकायला लिथुआनियन शेतकऱ्यांच्या गावांत जाऊन राहिला. या भाषेने जुनी रूपं इतकी जपून ठेवली आहेत की इंडो-युरोपीय भाषांचा अभ्यास तिच्याशिवाय होत नाही. हे वाचताना मलाही अभिमानासारखं काहीतरी वाटायचं. पण कामावर ती यादी उपयोगी पडत नाही. ग्राहकाच्या दारात उभं राहून कुणी अग्नी आणि धूर यांच्याबद्दल बोलत नाही.

उपयोगी पडले ते आकडे. 'दू', 'त्रीस', 'केतुरी', 'पेंकी', 'सेप्तिनी', 'अश्तुओनी', 'देवीनी', 'देशिमत'. दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ, दहा. मराठी कानाला हे दोनदा ऐकले की पुरतात. आणि दाराचे कोड, घराचे नंबर, मजले, किती मिनिटं लागतील, हे सगळं आकड्यांचंच काम.

त्याहून जास्त उपयोगी पडली ती शाळेत कंटाळून पाठ केलेली विभक्ती. आमच्या खोलीत एक लखनौचा मुलगा आहे. हुशार आहे, पण नामाला शेपूट जोडून अर्थ बदलायचा, आणि शेपूट जोडताना मूळ शब्दही थोडा वाकवायचा, हे त्याला नियम म्हणून शिकावं लागतं. मला मात्र ते घरचं वाटतं. आपण 'घर'चं 'घरात' करतो, 'सायकल'चं 'सायकलने', 'दगड'चं 'दगडाला'. इथे सायकल म्हणजे 'द्विरातिस', आणि सायकलने जातो म्हणताना ती 'द्विराच्यु' होते. वेगळा शब्दयोगी लागत नाही. विल्नियसमध्ये म्हणायचं तर 'विल्न्युये', स्वयंपाकघरात म्हणायचं तर 'विर्तुवेये'. सात विभक्ती आहेत, संबोधनासकट. आपली पंचमी तेवढी नाही. भारतातून आलोय म्हणायचं तर 'इश इंदियोस', म्हणजे आधी एक शब्द आणि पुढे षष्ठीचं रूप. हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा कराडच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना पत्र लिहावंसं वाटलं.

उच्चारातही मराठीने हात दिला. आपल्याकडे 'चहा'तला च वेगळा आणि 'चूल'मधला च वेगळा. लिहिताना दोन्ही एकच, पण बोलताना मराठी माणूस गल्लत करत नाही. लिथुआनियनमध्ये हे दोन्ही च आहेत आणि त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. साखरेला म्हणतात 'त्सुक्रुस', तो आपल्या चुलीतला च. बटाट्याचे मोठे लांबट गोळे करून आत मांस भरतात, त्या 'त्सेपेलिनाइ'चाही तोच. लखनौवाल्याला तो च 'स' म्हणून बाहेर पडतो. उलट झिर्मुनाईतल्या 'झि'ने मात्र मला दमवलं. तो आपल्या झाडातला झ नव्हे आणि झेंड्यातलाही नव्हे. तो श जवळचा, श म्हणतानाच घशातला आवाज मिसळून येणारा, आणि त्याच भागात माझ्या निम्म्या ऑर्डरी असतात.

आणि तू-तुम्ही. इथे 'तू' आणि 'यूस' आहे, अगदी आपल्यासारखं. अनोळखी माणसाशी, वयाने मोठ्याशी 'यूस'. ज्याने आयुष्यभर मावशीला 'तू' आणि मास्तरांना 'तुम्ही' म्हटलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना मी बघतो. त्यांना नियम कळतो, पण कुठल्या दारात कोणतं रूप येईल याचा अंदाज लागत नाही. साठीच्या गृहस्थाला 'तू' म्हटलं गेलं तर तो काही बोलत नाही, पण पिशवी घेताना त्याची नजर बदलते.

2026 च्या जानेवारीपासून इथे नियम लागू झाला, की दुकानात, टॅक्सीत, डिलिव्हरीत, जिथे ग्राहकाशी थेट संबंध येतो तिथे ग्राहकाला लिथुआनियनमधून सेवा मिळाली पाहिजे. नियमाआधीच्या वर्षभरात रायडरांच्या गप्पांत दुसरा विषय नव्हता. काहींना तो आपल्याला घालवून द्यायचा बहाणा वाटत होता. काहींना वाटायचं की पिशवी देऊन निघून जायच्या कामाला व्याकरण कशाला. माझी बाजू मी तेव्हाही बोललो होतो आणि आजही तीच आहे. ज्या गावात आपण कमावतो त्या गावच्या माणसाला त्याच्या दारात त्याच्या भाषेत नमस्कार मिळावा, ही मागणी रास्त आहे. तीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या देशाने ती केली तर अधिकच रास्त आहे.

हे मी बोलतो तेव्हा मला मुंबई-पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. रिक्षा-टॅक्सीचा बिल्ला हवा तर मराठी यायला हवी, हा आपल्याकडचा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे, आणि पार्सल घेऊन आलेल्या मुलाला दारातच 'मराठीत बोल' म्हणून अडवल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी त्या व्हिडिओंतल्या घरमालकाच्या बाजूचा माणूस होतो. आपली भाषा, आपला आग्रह. आज मी पिशवी धरलेल्या बाजूला उभा आहे आणि आग्रह मला अजूनही बरोबर वाटतो. पण आता मला त्याचा दुसरा अर्धा भागही दिसतो, जो दाराच्या आतल्या बाजूच्या माणसाने करायचा असतो. शिकणारा एक वाक्य जुळवत असतो तेव्हा चार सेकंद थांबणं. तो अडखळला की शब्द पुढे करणं. हे झालं नाही तर जगातला कुठलाही कायदा कुणालाही भाषा शिकवू शकणार नाही, कारण शिकलेलं वापरायला जागाच उरत नाही.

इथे त्याची अडचण वेगळ्या रूपात येते. तरुण ग्राहक फार चांगले असतात. मी "लाबस वाकरस" म्हणतो, माझा उच्चार त्यांना कळतो, आणि ते लगेच इंग्रजीवर येतात. त्यांच्या मनात माझी सोय असते. पण त्या सोयीत माझं तयार केलेलं दुसरं वाक्य तोंडातच राहतं. म्हणून मी एक वाक्य शिकून घेतलं: लिथुआनियन शिकतोय, कृपया लिथुआनियनमध्ये बोला. ते म्हटलं की बहुतेकांचा चेहरा खुलतो. एका माणसाने पिझ्झा हातात धरून मला 'आस्वाद घ्या' याचं त्यांचं रूप, 'स्कनाउस', तीनदा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर आत बायकोला हाक मारून सांगितलं.

शहराच्या अंताकाल्निस भागात एक आजी राहतात. त्यांचा मुलगा नॉर्वेत असतो. 2004 मध्ये लिथुआनिया युरोपीय संघात गेल्यानंतर इथली लाखो माणसं ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेला कामाला गेली. मागे राहिलेल्या आईबापांसाठी किराणा आता मुलं परदेशातून फोनवर मागवतात. पाण्याच्या बाटल्या, केफिर म्हणजे आंबवलेलं दूध, काळा पाव, बटाटे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या आळीतली घरं दिसली, जिथली मुलं अमेरिकेतून आईची औषधं मागवतात.

आजींना इंग्रजी येत नाही. परदेशी दिसणारा माणूस दारात आला की त्यांच्या पिढीच्या तोंडात सवयीने रशियन येतं. त्या रशियनमध्ये बोलल्या. मी म्हटलं, "नेकाल्बु रूसिश्काइ. त्रुपुती लिएतुविश्काइ." रशियन नाही येत, थोडी लिथुआनियन येते. त्या क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्याच शिक्षकात पाहिलं नाही. त्यांनी आवाज वाढवला नाही. त्यांनी फक्त वेग कमी केला. पाणी विर्तुवेत ठेवायचं होतं. मी बूट काढायला वाकलो, कारण इथेही घरात बूट घालून जात नाहीत, तर त्या म्हणाल्या "नेरेइक्या", गरज नाही. हा शब्द मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. बुटाकडे बोट, हाताची खूण, आणि शब्द. एवढ्यावर तो कायमचा माझा झाला.

तेव्हापासून त्यांची ऑर्डर माझ्या वाट्याला आली की पिशवी रिकामी करताना एकेक वस्तू हातात धरून त्या नाव सांगतात. बुल्वेस, बटाटे. द्रुस्का, मीठ. माझं आघाताचं स्थान चुकतं. या भाषेत शब्दातला जोर कुठेही असू शकतो आणि विभक्ती बदलली की जागाही बदलू शकतो. त्या मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात. माझं नाव विचारलं तेव्हा सागर म्हटलं. त्यांनी ते लगेच आपल्या व्याकरणात बसवून 'सागरस' केलं, आणि पुढच्या वेळी जिन्यातून हाक आली ती 'सागराय!' आपल्याकडे देवाची 'देवा' होते, तुकारामाची 'तुकारामा', तसंच हे. परक्या देशात आपल्या नावाला संबोधनाची विभक्ती लागली की माणसाला काय वाटतं, ते मला इथे नीट मांडता येत नाही. एका सप्टेंबरात त्यांनी सफरचंदांची पिशवी दिली. "इश सोदो," म्हणाल्या, बागेतली. पुन्हा तीच षष्ठी.

या लोकांना आपल्या भाषेचं एवढं का, हे मला काउनस शहरात गेल्यावर कळलं. तिथल्या युद्ध संग्रहालयाच्या बागेत एका माणसाचा पुतळा आहे. अंगात जाड कपडे, वाकलेली चाल, पाठीवर ओझं. तो सैनिक नाही आणि राजाही नाही. तो 'क्निग्नेशिस', पुस्तकं वाहून आणणारा. तेव्हा हा देश रशियन साम्राज्यात होता. सत्तेविरुद्धच्या 1863 च्या उठावानंतर साम्राज्याने 1864 पासून लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. छापायचं तर रशियन लिपीत छापा. ही बंदी 1904 पर्यंत, चाळीस वर्षं टिकली. त्या काळात सीमेपलीकडच्या जर्मन मुलखात, पूर्व प्रशियात, तिल्झेसारख्या गावांत पुस्तकं छापली जात आणि माणसं ती सीमेपलीकडून रात्री पाठीवर आणत. गवताच्या गाड्यांत, पोत्यांत, कपड्यांखाली. पकडले गेलेले तुरुंगात गेले, काहींची सैबेरियात रवानगी झाली, काही सीमेवर गोळी लागून मेले. युर्गिस बिएलिनिस हा त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला. त्याचा जन्मदिवस, 16 मार्च, आजही पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात. लिथुआनियन शाळा बंद, म्हणून घराघरांत आया चरख्यावर बसून मुलांना वाचायला शिकवत. पेत्रास रिम्शा या शिल्पकाराने तेच दृश्य घडवलं आहे, सूत काढणारी आई आणि शेजारी पुस्तकावर बोट ठेवलेलं मूल.

मी त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. माझं काम आणि त्यांचं काम यांची बरोबरी मी करत नाही. ते जीव पणाला लावून चालत होते आणि मी भाडं भरण्यासाठी बर्गर नेतो. पण ज्या भाषेची पुस्तकं दारोदार पोचवणाऱ्या माणसांनी ती टिकवली, त्या देशात दारोदार फिरणाऱ्या माणसाकडून ती भाषा मागितली जाते, याचं मला नंतर कधी ओझं वाटलं नाही.

आता नांदेडचा एक मुलगा नवा आलाय. त्याला मी शिकवतोय. तो पहिल्या दिवशी वहीत देवनागरीत उच्चार लिहू लागला, ते मी थांबवलं नाही, पण शेजारी लिथुआनियन अक्षरंही लिहायला लावली, कारण दारावरच्या पाट्या देवनागरीत नाहीत. 'आभारी आहे' सगळे आधी शिकतात, मी त्याला ते शेवटी दिलं. आधी 'पालाउकिते', थांबा. मग 'दार कार्ता', पुन्हा एकदा सांगा. मग 'लेच्याउ', जरा हळू. ज्याला पुन्हा विचारता येतं त्याचं काम अडत नाही. मग आकडे, मग मजला, मग 'बूस्यु पो पेंक्यू मिनुच्यू', पाच मिनिटांत पोचतो. त्यात पाच या शब्दाचं रूप का बदललं हे त्याने विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं, 'पाच मिनिटांनी'मध्ये मिनिटाचं काय झालं ते आधी तू सांग. तो हसला आणि पुढे गेला.

मला स्वतःला आता वेगळीच कमतरता जाणवते. दारापुरत्या भाषेत सगळं आत्ताचं असतं. आहे, येतो, थांबा, द्या, घ्या. तिला 'काल' नसतो. पाच मिनिटांनी पोचतो एवढं भविष्य तिला पुरतं, पण मागे वळून काही सांगता येत नाही. अंताकाल्निसच्या आजी मला विचारतात, घरी कोण असतं, वडील काय करायचे, इथे येण्याआधी तू काय करत होतास. प्रश्न मला कळतात. उत्तरं मात्र मी वर्तमानकाळात देतो, आणि माझे निवर्तलेले वडील त्यांच्यापुढे अजून जिवंत असल्यासारखे बोलले जातात. हे मला चालणार नाही. सप्टेंबरपासून पुढच्या पायरीचा वर्ग आहे, त्यात भूतकाळ शिकवतात. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ, नेमका जेवणाच्या ऑर्डरींचा वेळ, म्हणजे आठवड्यातल्या दोन चांगल्या कमाईच्या संध्याकाळी जाणार. मी नाव घातलंय. नांदेडचा मुलगा विचारतोय की पैसे बुडवून काय मिळणार. मी त्याला म्हटलं, 'बुवाउ', म्हणजे मी होतो. 'बुवो', तो होता. एवढं मला यायला हवं.